अत्यल्प पातळी

“...उपचार घेतलेल्या रुग्णांच्या चादरी, कपडे, कापूस, हातमोजे,” पडद्यासमोर उभा असलेला तो पोरसवदा अधिकारी म्हणाला, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या हुस्नाबानोच्या जिभेवर एकाएकी लिंबाची चव आली. कानशिलाखालची जागा आवळून आली, लाळ सुटली, ती तिनं गिळली, पुन्हा सुटली. हातातला बिस्किटांचा पुडा आपण केव्हा दाबला हे तिला कळलं नाही. आतल्या आत बिस्किटं मोडल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. शेजारच्या संगीतानं कोपरानं ढोसून विचारलं, “काय झालं व भाभी? चक्कर येऊन राह्यली का?” हुस्नाबानोनं नुसती मान हलवली. संगीता बचत गटांचं काम पाहायची. कलेक्टर ऑफिसमागच्या सभागृहात जनसुनावणी आहे, गटागटातून बाया आणा, खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत, असं तिला वरून बजावलं होतं. म्हणून वाशिमच्या चार मोहल्ल्यांतल्या चाळीस बाया आज इथं चहा-बिस्किटावर बसल्या होत्या. मंचावरच्या फलकावर लिहिलं होतं, ‘अत्यल्प पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम : मसुद्यावर हरकती व सूचना’. बायांपैकी कोणाला त्यातलं काही कळलं नव्हतं. एवढंच कानावर होतं की अनसिंगकडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत काहीतरी आणून पुरणार आहेत, आणि लोक चिडले आहेत.

“किरणोत्सारी म्हटलं की आपण घाबरतो,” अधिकारी पुढं बोलत होता. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. पाचवीच्या वर्गाला शिकवावं तसा तो शिकवत होता. “पण सगळा कचरा सारखा नसतो. उदाहरण घ्या. गळ्याच्या गाठीच्या कर्करोगाला किरणोत्सारी आयोडीन देतात. त्या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी अर्धा होतो. ऐंशी दिवसांनी हजारातला जेमतेम एक भाग उरतो. म्हणून असा कचरा तीन महिने वेगळा, कुलपात ठेवायचा. त्यानंतर तो साधा कचरा. तुमच्या-आमच्या घरातल्यासारखाच.” ऐंशी दिवस. हुस्नाबानोला दिवसांचा हिशेब सणांनीच जमायचा. रमजान ईद ते बकरी ईद, अन् वर दहा-बारा दिवस. एवढंच? तिनं पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर डोंगराच्या उतारासारखी एक रेघ वरून खाली आली होती आणि तळाशी जाऊन आडवी झाली होती. त्या रेघेच्या शेवटी काहीच नव्हतं, पांढरा पडदा होता.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात अगदी टोकाला ती खोली होती. दार इतकं जड की ढकलायला खांदा लावावा लागे. आत पलंग, संडास, आणि एक खिडकी, तिच्यातून समोरची भिंत दिसे. एक माणूस जाड डबीतून गोळी घेऊन आला, चिमट्यानं धरून कपात टाकली, आणि तिनं ती गिळताच चार पावलं मागं सरला. माणसं आपल्यापासून मागं सरताना कशी दिसतात हे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लिंबू चोखत राहा, नाहीतर गाल सुजतील, असं बाहेरून सांगितलं गेलं. तिनं दिवसभर लिंबं चोखली, साली उशाशी ओळीनं मांडल्या. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर यायचं. रोज सकाळी एक जण दारात उभा राहून हातातलं यंत्र तिच्याकडं रोखायचा, आणि यंत्र कडकड करायचं. पहिल्या दिवशी पत्र्यावर गारा पडाव्यात तसं, मग रोज जरा कमी. चौथ्या दिवशी तो हसला, “जाओ अम्मा, अब घर जाओ,” म्हणाला. अम्मा सव्वीस वर्षांची होती आणि घरी तिची दीड वर्षाची पोर, यूसरा, होती. अंगावरची सलवार-कमीज तिथंच एका पिशवीत गेली. आज सभागृहात बसल्याबसल्या तिला कळलं की ते कपडे कुठल्यातरी कोठीत तीन महिने पडले असतील, आणि मग साधा कचरा होऊन निघून गेले असतील. तिचे कपडे तिच्या कितीतरी आधी सुटले होते.

घरी आल्यावर दिराच्या हातात कागद होता. सासरचं घर तेव्हा भरलेलं. नवरा गुलाम नबी पत्र्याच्या पेट्या बनवायचा. त्याचा थोरला भाऊ आणि भावजय त्याच घरात. भावजयीला सगळे बडी म्हणत. बडीची तीन लेकरं पोटातच गेली होती. धाकटा दीर तनवीर कॉलेजात शिकत होता, घरात इंग्रजी वाचणारा तो एकटा, म्हणून मुंबईला तोच सोबत गेला होता. दवाखान्याचा कागद त्यानं आधी आत जाऊन बडीला वाचून दाखवला, मग अंगणात येऊन हुस्नाबानोकडं न पाहता सांगितलं, “एक साल. लेकराजवळ जायचं नाई, एक साल.” यूसरा बडीच्या कडेवर होती. आईला पाहून ती पुढं झेपावली, तशी बडीनं तिला फिरवून दुसऱ्या कडेवर घेतलं. “रडू नको, हुस्ना,” बडी म्हणाली, “साल काय, चुटकीसरशी जाते. पोट्टी कुठी जाऊन राह्यली? घरातच हाय.” हुस्नाबानो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिची थाळी वेगळी झाली, बालदी वेगळी झाली. गुलाम नबी पायरीवर उभा राहून खुशाली विचारायचा. ती कठड्यावरून खाली पाहायची. पोर चालायची ती धावू लागली. दोन शब्द जोडून बोलू लागली. आणि एकदा वर पाहून हात करू लागली तेव्हा बडीनं तिचं तोंड हळूच खाली वळवलं. “वर नाई पाहायचं, बेटा. वर बाऊ हाय.” हे हुस्नाबानोनं ऐकलं होतं. ऐकून ती कठड्यापासून मागं सरली होती, त्या दवाखान्यातल्या माणसासारखी. लेकराच्या भल्यासाठी.

साल संपलं त्या दिवशी ती नवे कपडे घालून खाली आली. यूसरा किंचाळून बडीच्या पदराआड लपली. आठ दिवस रोज हेच झालं. मग बडी म्हणाली, “राहू दे ना. रुळली आता. उगी कायले लेकराले तरास?” बडी झाली अम्मी, आणि हुस्नाबानो आधी वरवाली, मग छोटी अम्मी. शिलाई मशीन वरच्याच खोलीत होती, तिथंच राहिली. यूसराचे फ्रॉक तिनं शिवले, शाळेचे गणवेश शिवले, लग्नाच्या कपड्यांचा जोडाही तिनंच शिवला. अंगावर घालून, फिरवून पाहायला यूसरा मात्र बडीपुढं उभी राहिली. चार वर्षांपूर्वी बडी वारली तेव्हा गावोगावच्या बाया यूसराला कवटाळून रडल्या, ‘तुझी माय गेली गं’ म्हणाल्या, आणि त्या बायांना पाणी देत हुस्नाबानो मधून फिरत होती. यात कोणाचं काही चुकलं असं तिला कधी वाटलं नव्हतं. दुखणं आलं, दुखण्यानं नेलं. दुखण्यावर कोणी दात धरत नाही.

सभागृहात आता लोक बोलत होते. मानोऱ्याकडच्या एका तांड्याहून आलेला प्रेमसिंग माईक हातात घट्ट धरून म्हणाला, “साहेब, आमच्याकडं दवाखाना नाई, डाक्टर नाई. दवा तिकडं मोठ्या शहरात, अन् दवाचा कचरा इकडं. हे कोनत्या नियमात बसते?” टाळ्या पडल्या. अधिकारी वहीत लिहून घेत राहिला. मग कृती समितीच्या चिटणिसांचं नाव पुकारलं गेलं आणि पहिल्या रांगेतून तनवीर उठला. केस पिकले होते, उर्दू शाळेचा हेडमास्तर झाला होता, शहरात मान होता. स्वच्छ, शुद्ध मराठीत तो बोलला. “हे सांगतात अत्यल्प. विषाला अत्यल्प म्हणतात का? पिढ्यान् पिढ्या हे जमिनीत राहील. आईच्या दुधात उतरेल. आमची लेकरं यांच्या ऐंशी दिवसांच्या भरवशावर आम्ही सोडायची का?” सभागृह उठून उभं राहिलं. संगीताही टाळ्या वाजवत होती. हुस्नाबानोनं पाहिलं की बोलताना तनवीरच्या हातातला कागद थरथरत नव्हता. बावीस वर्षांपूर्वी अंगणात थरथरला होता का? तिला आठवेना. तेव्हा ती कागदाकडं पाहतच नव्हती, पोरीकडं पाहत होती. लिंबाची चव आता घशातून खाली उतरली होती. ती उभी राहिली. संगीतानं ओढणी धरून खाली ओढलं, पण तोवर माईकवाला पोरगा समोर आला होता.

“मले एक विचारायचं हाय,” ती म्हणाली. भोंग्यातून स्वतःचाच आवाज दुसऱ्या बाईचा असल्यासारखा परत आला. “ते आयोडीन ज्या बाईले देतात, तिनं घरी गेल्यावर लेकराजवळ किती दिवस जायचं नाई?” मंचावरचे अध्यक्ष म्हणाले, “ताई, विषयाला धरून बोला.” मागं कोणीतरी हसलं. पण तो अधिकारी खरोखरच चांगला मुलगा असावा. त्यानं चष्मा वर सरकवला आणि नीट उत्तर दिलं. “साधारण पंधरा दिवस, ताई. फार तर तीन आठवडे. घरी सोडताना तसं लिहूनच देतात.” “साल नाई?” “साल? नाही, नाही. वर्षभर दुसरं मूल होऊ देऊ नका, असं सांगतात. ते वेगळं. तुम्ही दोन्हींची गल्लत करताय.” हुस्नाबानो खाली बसली. पहिल्या रांगेत तनवीरचं डोकं दिसत होतं. सगळी रांग मागं वळून तिच्याकडं पाहत होती. ते एक डोकं वळलं नव्हतं.

सुनावणी सुटल्यावर तिनं त्याला मोटारसायकलींच्या गर्दीत गाठलं. तो किल्ली लावत होता, लागत नव्हती. “तनवीर, कागदावर काय होतं?” “भाभी, इथं नको.” “मग कुठी? घरी तं बावीस सालं होती मी.” त्यानं आजूबाजूला पाहिलं. शुद्ध मराठी गळून पडली. “कागदात दोन गोष्टी होत्या. लेकरापासून पंधरा दिवस दूर, अन् सालभर दुसरं लेकरू नको. मी बडीभाभीले बरोबर वाचून दाखवलं, कसम खुदाची. तिनं म्हनलं, एकच आकडा सांग, बिमार बाईच्या दोन ध्यानात राहत नाई. मी बीस-इक्कीसचा होतो भाभी. तिच्या हातचं खात होतो, तिनं माझी फी भरली होती.” “अन् यूसराच्या अब्बाले?” तनवीरनं मोटारसायकलच्या आरशाकडं पाहत सांगितलं, “भाईले मी आठ दिवसांत सांगतलं. ते म्हनले, राहू दे.” किल्ली लागली, तसा तो एकदम हेडमास्तरच्या आवाजात म्हणाला, “एक सांगतो, राग मानू नका. आज तुमी भर सभेत त्यायचंच काम केलं. पंधरा दिवसांत जहर उतरते म्हनल्यावर आता खाणीचं कोन ऐकंल? हे बाहेर काढू नका. हजारो लोकायचा सवाल हाय.” गाडी सुरू झाली. तो खोटारडा नव्हता, हेच तिला सोसेना. खाणीबद्दल तो मनापासून बोलत होता; आईच्या दुधाबद्दलही मनापासून.

गुलाम नबी ओसरीत ऊन खात बसला होता. चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्याचे कान गेले होते, त्यामुळं जे कुजबुजत विचारायचं ते तिला ओरडून विचारावं लागलं, आणि गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. “तुमाले मालूम होतं? पंधराच दिवस होते?” त्यानं ऐकलं नाही असं आधी दाखवलं. ती वाकली आणि त्याच्या कानाशी पुन्हा ओरडली. मग त्यानं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. “भाईजान दुसरा निकाह करणार होते तेव्हा. पोरगीही पाहून ठेवली होती. बडी विहिरीत जीव देतो म्हने. मग यूसरा तिच्या मांडीवर आली अन् भाईजान थांबले. घर टिकलं, हुस्ना.” “अन् माझं?” ती ओरडली. त्यानं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं तिच्याकडं पाहिलं. “तू तं घरातच होती,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दोषाची एक रेघ नव्हती. त्यानं बावीस वर्षं काही लपवलं असं त्याला वाटतच नव्हतं. त्यानं घर चालवलं होतं. तिला वाटलं, आता आपण रडू. पण रडू आलं नाही. भाजीला फोडणी टाकायची राहिली होती, ती टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिसोडच्या गाडीत बसली आणि तिथून केनवडला गेली. यूसराचं सासर केनवडचं. तिचा नवरा मुबश्शिर बाजारात खता-बियाण्यांचं दुकान चालवायचा. वाटेनं दोन्ही बाजूंना तूर उभी होती, कापसाची शेवटची वेचणी चालली होती. हुस्नाबानो मनात वाक्यं जुळवत होती. सुरुवात कुठून करायची? पंधरा दिवसांपासून, की लिंबापासून, की बडीच्या तीन लेकरांपासून? प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला एकच गोष्ट दिसत होती : यूसरा ऐकते, तिच्या तोंडून ‘या अल्लाह’ निघतं, आणि ती उठून आपल्या गळ्यात पडते. बावीस वर्षांचं काही असलं तरी रक्त आहे. या एका चित्रावर तिनं सगळा रस्ता काढला. या वयात माणसाला इतकं वेडं स्वप्न पडू शकतं याची तिला लाज वाटली, तरी तिनं ते सोडलं नाही.

“छोटी अम्मी? तुमी? अचानक?” यूसरा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिची दोन वर्षांची दुआ टरफलांच्या ढिगात खेळत होती. “अब्बा बरे हायत ना?” हुस्नाबानोनं पाणी पिऊन सगळं सांगितलं. सुनावणी, कागद, पंधरा दिवस, बडी, तनवीर, अब्बा. काही झाकलं नाही, काही तिखटमीठही लावलं नाही. यूसराचे हात आधी चालत होते, मग थांबले. बडीचं नाव आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणासाठी आहे हे हुस्नाबानोला न विचारता कळलं. मग यूसरानं खालमानेनं विचारलं, “तुमी काहून नाई विचारलं?”

“कोनाले?”

“डाक्टरले. मुंबईले पुन्हा जात होत्या ना तुमी तपासनीले? अम्मी सांगत होती, छोटी अम्मी सहा महिन्यांनी मुंबईले गेली होती म्हनून. तेव्हा काहून नाई विचारलं, की माझं लेकरू मी घेऊ का?”

हे वाक्य हुस्नाबानोनं गाडीत जुळवलं नव्हतं. सहा महिन्यांनी ती गेली होती. डॉक्टरीण बाई होती, तिच्याच वयाची, हातात हिरव्या बांगड्या. गळा चाचपून झाल्यावर तिनं हसून विचारलं होतं, “बच्ची कैसी है?” तनवीर बाहेर बाकावर होता. दार लावलेलं होतं. प्रश्न जिभेवर होता. एवढं वाक्य, चार-पाच शब्दांचं. आणि हुस्नाबानो म्हणाली होती, “अच्छी है.” का? भीती होती, हे तर खरंच. आपल्या अंगातून काहीतरी निघतं आणि ते लेकराला खाऊन टाकेल, ही भीती ती अंगावरच्या कातडीसारखी वागवत होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि त्याच्याकडं तिनं बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. वरच्या खोलीत तिला कोणी हाक मारत नसे. बारा माणसांच्या भाकरी नव्हत्या, सासऱ्याचा खोकला नव्हता, अंगाला नवऱ्याचा हात नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा ती पुरी झोपत होती. मशीनवर पाय चालवत, ऊन सरकताना पाहत, तिचा एकटीचा दिवस जायचा. कठड्याशी जाऊन ती रडायची, आणि रडून झाल्यावर त्या शांत खोलीत परत यायची. बडीनं पोर घेतली होती. पण पंधरा दिवसांनंतरचं साल एकट्या बडीनं ओढलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला हिचाही हात होता.

खोटं बोलता आलं असतं. ‘मले काय समजत होतं, अडाणी बाई मी,’ एवढं म्हटलं असतं तर यूसरानं मान डोलावली असती. “वर बरं वाटत होतं मले,” हुस्नाबानो म्हणाली. “तुझी आठवन यायची. पन बरं वाटत होतं.” आपलं बोलणं आपल्यालाच परकं वाटलं, तरी तिनं ते मागं घेतलं नाही. यूसरानं तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती उठली, मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाली, “जेवून जा. भाजी टाकतो. एकची गाडी हाय.”

जेवणात ओल्या तुरीची आमटी होती. यूसरानं दोनदा आग्रह केला, पाहुण्यांना करतात तसा. दुआ जवळ आली, हुस्नाबानोच्या बांगड्या चाचपून गेली. पावणेएकला तिघी फाट्यावर आल्या. तिथं हातगाडीवर बोरं विकणारी दुर्गाबाई यूसराच्या ओळखीची होती, तिनं दुआच्या मुठीत दोन बोरं दिली आणि हुस्नाबानोकडं बघून विचारलं, “कोन पाव्हन्या व, यूसरा?”

“वाशिमच्या हायत,” यूसरा म्हणाली.

त्यात डाव नव्हता. तोंडात आलं ते ती बोलली होती. दुर्गाबाईनं हुस्नाबानोलाही दोन बोरं पुढं केली. तिनं ती घेतली. गाडी आली. कंडक्टर घाई करत होता, आत उभ्यानं माणसं होती. खिडकीशी वाकून हुस्नाबानोनं बाहेर पाहिलं. गाडी सुटेपर्यंत यूसरा उन्हात थांबली होती. हात मात्र तिनं हलवला नाही; तिच्या दोन्ही हातांत दुआ होती.